पांघरूण

सुमेधा दातारांचं ते उत्तर कॉलेजात अजून रंगवून सांगतात. त्या स्वतः मात्र कधीच सांगत नाहीत.

डॉक्टरकीच्या आणि वकिलीच्या मुलांचा एकत्र तास त्या दिवशी वॉर्डात होता. विषय होता रुग्णाची संमती. कायदा शिकवणाऱ्या सुमेधाबाई बोलायला लागणार, तोच बडे सर्जन खासनीसांनी टाके दाखवायला ऑपरेशन झालेल्या सोनाबाईंच्या अंगावरचं पांघरूण सर्रकन ओढलं. मुलं वाकून बघू लागली.

"सर, त्यांना विचारा तरी!"

"अहो बाई, शिकवताना कसलं विचारायचं?" खासनीस हसले.

"बरं. मुलांनो, आता हृदय कुठं असतं ते बघा," म्हणत सुमेधाबाईंनी थेट खासनीसांच्या शर्टाच्या बटणाला हात घातला.

ते दचकून मागं सरले. "हे काय? मला विचारलंत का?"

"झालं! आजचा धडा सरांनीच शिकवला."

वॉर्ड हशानं दणाणला. खासनीस खाली मान घालून निघून गेले. सुमेधाबाईही हसत होत्या. मग त्यांची नजर खाटेकडे गेली. भिंतीकडे तोंड फिरवून, एका हातानं टाके धरून, सोनाबाई पायाशी पडलेलं पांघरूण ओढू पाहत होत्या.

इतक्या वेळात ते घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जिंकलेल्या बाईंनासुद्धा.