खोपीची आतली कडी

घाटमाथ्यावर, जिथे पावसाळा लागला की चार महिने धोतर धड वाळत नाही, अशा मुलखात हिरडेवाडी नावाचे गाव आहे. उंबरनाथ महाराज थंडी सरता सरता या गावी आले आणि रवळनाथाच्या देवळात उतरले. महाराज बोलत थोडे. जे बोलत त्यातले अर्धे ऐकणाऱ्याला लगेच कळे आणि उरलेले अर्धे कळायला दिवस जावे लागत. आज जी हकिकत सांगायची आहे, तिच्यातले ते उरलेले अर्धे नागोजी सुताराला कळले, आणि कळले तेव्हा त्याच्या पाठीशी कुजक्या दाराशिवाय काही उरले नव्हते.

हा नागोजी कसबी माणूस होता. त्याने बसवलेल्या चौकटीत सुई शिरायची नाही, असे पंचक्रोशीत म्हणत, आणि ते ऐकून ऐकून त्याचे डोके चढले होते. देवाधर्माची त्याला टिंगल करायची सवय. महाराजांना तो 'देवळातले पाहुणे' म्हणे. त्याच्या घराशेजारी, गावाच्या अगदी टोकाला, सगुणाक्का राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, पोरबाळ नाही. घरामागे परडे, आणि परड्यात एक खोप. पूर्वी तिथे म्हैस बांधत. आता नुसत्या शेणी-गोवऱ्या आणि लाकूडफाटा. त्या खोपीपलीकडे घर नव्हते. तिथून पायवाट निघे ती थेट देवराईत शिरे.

सगुणाक्का रोज सकाळी महाराजांना नाचण्याची आंबील नेऊन देई. एके दिवशी आंबील पिता पिता महाराज म्हणाले, "सगुणे, तुझ्या खोपीचं दार कुजलंय."

महाराज तिच्या परड्याकडे एकदाही फिरकले नव्हते. सगुणाक्का गोंधळली. दार कुजलेले होते हे खरे. पावसाचे शिंतोडे उडून दोन्ही फळ्या खालून खलास झाल्या होत्या, आणि वरच्या भागात वाळवी.

"ते नीट करून घे," महाराज म्हणाले. "कडी आतून लाव. चैत्राच्या अमावास्येआधी दार लागलं पाहिजे. त्या दिवशी एकजण येणार आहे. त्याला दुसरं दार मिळायचं नाही."

कोण येणार, असे विचारायचा तिला धीर झाला नाही. मात्र त्या क्षणापासून तिच्या मनाला एकच घोर लागला. कुणीतरी जिवाच्या भीतीने आपल्या दारी येणार, आणि दार नसेल तर ते पाप आपल्या माथी.

ती तशीच नागोजीकडे गेली. त्याच्या अंगणात चार माणसे बसली होती, म्हणजे नागोजीला आयताच फड मिळाला. त्याने परड्यात येऊन फळीवर बोट दाबले. बोट आत गेले.

"आक्का, ह्ये लाकूड न्हवं, खत हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "परड्यात टाक, दोडकं झ्याक येतील. आन् कडी आतनं? आतनं लावणार कोण, तुझ्या शेणी?"

माणसे पोट धरधरून हसली. अमावास्येला एकजण येणार आहे, त्याला दुसरे दार मिळायचे नाही, असे महाराज म्हणाले, हे सगुणाक्काने सांगितले तेव्हा तर नागोजीने हातच जोडले. कुजके लाकूड खिळा धरत नाही, हे तुझ्या महाराजांना ठाऊक नाही का, असे त्याने विचारले. मग त्याने आपल्याला बाजारगावच्या अडत्याच्या नव्या घराचा दरवाजा करायचा आहे, असल्या फुटकळ कामाला सवड नाही, असे सांगून तिची बोळवण केली.

मग त्या बाईने काय करावे? तिने स्वतःच हातोडी घेतली. नव्या फळ्या आणायची ऐपत नव्हती. नवऱ्याचा जेवायचा पाट तिने इतकी वर्षे पुसून भिंतीला उभा करून ठेवला होता. तो काढला आणि दाराच्या मोठ्या भगदाडावर आडवा ठेवून चारी कोपऱ्यांना खिळे मारले. बाकीच्या भेगांत सुतळी कोंबली, वरून शेणमाती लिंपली, आणि कडी आतल्या बाजूने ठोकली. एक खिळा मारता मारता वाकडा झाला. तो पाटावरच आडवा पडून लाकडात रुतला, निघेना, तसाच राहिला. कुंपणापलीकडून नागोजी बघत होता. तो वाकडा खिळा पाहून त्याला इतके हसू आले की हातातला रंधा खाली ठेवावा लागला.

त्याच वेळी देवळात जी माणसे बसली होती त्यांनी एक नवल पाहिले. महाराज डोळे मिटून बसले होते. मधूनच त्यांचे अंग दचके, आणि दचकले की ते किंचित हसत. एकाने विचारले, महाराज, काही चावते का? महाराज म्हणाले, "काही नाही रे. माप घेतायत."

इकडे नागोजीला अडत्याच्या दरवाजासाठी हवे तसे लाकूड मिळेना. तसे लाकूड त्याने पाहिले होते एकाच ठिकाणी, देवराईत. ऐनाचे झाड, सरळसोट, एक गाठ नाही. देवराईतली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही हा गावाचा नेम; पण नागोजी कसला नेम मानतो! तरी सुताराच्या हाडात मुरलेली एक रीत त्याच्याने सोडवली नाही. त्या मुलखात झाड तोडण्याआधी सांजेला त्याच्या बुंध्याशी सुपारी ठेवतात आणि कुऱ्हाड खोडाला उभी टेकवून परत येतात. आत जे कोणी राहत असेल त्याने रात्रीत दुसरीकडे जावे, एवढी ती विनंती. सकाळी कुऱ्हाड उभी असेल तर झाड मोकळे झाले. आडवी पडलेली दिसली तर ते झाड सोडून द्यायचे.

अमावास्येच्या सकाळी नागोजी गेला तेव्हा कुऱ्हाड आडवी पडली होती. सुपारी बाजूला, दातांनी फोडल्यासारखी दुभंगलेली.

"वारं," नागोजी मोठ्याने म्हणाला. वारा नव्हता. एक पान हलत नव्हते. त्याने कुऱ्हाड उचलून पुन्हा खोडाला उभी टेकवली, जणू ती रात्रभर तशीच होती, आणि घटकाभर थांबून तीच हाती घेऊन घाव घालायला लागला.

सोबतीला कोणी यायला तयार नव्हतेच. दुपार डोक्यावर आली तेव्हा झाड कलले आणि पडले. पण पडल्याचा आवाज झाला नाही. एवढे मोठे खोड पाचोळ्यावर आडवे झाले, फांद्या मोडल्या, आणि तरी रानात चिडीचूप. नागोजीने कानात बोट घालून हलवले. आपलाच श्वास त्याला नीट ऐकू येत होता. मग उन्हामुळे कानांना दडे बसले असतील असे म्हणून तो सावलीला बसला, कुऱ्हाड मांडीवर घेतली आणि भाकरीचे फडके सोडले.

टक.

त्याने वर पाहिले. टक. टक. कुणीतरी घाव घालत होते. तीच कुऱ्हाड, तोच हात. कसबी माणूस आपल्या घावाचा आवाज ओळखतो. आणि त्याची कुऱ्हाड तर मांडीवर होती.

नागोजी उठला. भाकरी तिथेच राहिली. तो पायवाटेने चालू लागला तसा आवाजही चालू लागला. आधी मागच्या हिरड्यावर, मग त्याच्या अलीकडच्या जांभळीवर, मग अगदी शेजारच्या झाडावर. खोडाला खूण पडत नव्हती. फक्त घाव ऐकू येई आणि पानांतून भुसा गळे. तो भुसा त्याच्या मानेवर पडला. त्याने कुऱ्हाड टाकली आणि धूम ठोकली.

गाव लख्ख उन्हात होते, पण सारे रिकामे. महाराजांचे भजन आणि मग प्रसाद, म्हणून बायकापोरांसकट सगळे गावाच्या दुसऱ्या टोकाला देवळात गेले होते, आणि घराघराला कुलूप. त्याच्या स्वतःच्या घरालाही. किल्ली बायकोच्या कमरेला. मागून धावत्या पावलांचा आवाज नव्हता, नुसते घाव. आता झाडे संपली होती, तरी ते कुंपणाच्या मेढींवरून येत होते. त्याने वळून पाहिले नाही. समोर सगुणाक्काच्या परड्यातली खोप होती आणि तिचे दार उघडे होते.

आत शिरून त्याने फळ्या लोटून घेतल्या. हाताला कडी लागली. आतून.

कडी कोयंड्यात अडकली तेव्हा त्याला महाराजांचे शब्द आठवले. तो येणारा माणूस मीच. ज्या दाराला मी खत म्हटले, त्या दाराच्या भरवशावर आता माझा जीव आहे.

बाहेर घाव थांबले. मग दाराला अगदी लागून कुणीतरी बोलले. आवाज नागोजीचाच होता.

"आतनं लावणार कोण?" तो आवाज म्हणाला, आणि हसला, जसा नागोजी त्या दिवशी परड्यात हसला होता. "दार उघड. मला ऱ्हायाला घर न्हाई."

मग धक्का बसला. शेणमातीचे पोपडे उडाले, सुतळ्या लोंबल्या. नागोजीने दोन्ही तळवे पाटावर दाबून धरले. पाटाभोवतीचे कुजके लाकूड त्याच्या बोटांखाली पिठासारखे झडत होते. त्याला लाकूड कळत होते, हीच मोठी आफत. हे दार आणखी एक धक्का सोसणार नाही, हे तो आपल्या जन्माच्या कामावरून ओळखून होता. दुसरा धक्का आला. कोयंडा अर्धा बाहेर आला. जो कधी देवळाची पायरी चढला नव्हता त्या माणसाच्या तोंडून तेव्हा एवढेच निघाले, "म्हाराज, दार धरा."

आणि त्याच्या तळव्याखालचा पाट गरम झाला.

भक्तहो, ही गोष्ट नागोजी पुढे सांगे तेव्हा इथे नेहमी थांबत असे. पाट गरम झाला, आणि मग तो श्वास घेऊ लागला. हळूहळू फुगे, हळूहळू बसे. एखाद्या धिप्पाड माणसाने दाराला पाठ लावून पाय रोवावेत आणि आपण मागून त्याच्या पाठीवर हात ठेवावेत, अगदी तसे. बाहेरून धक्के येतच होते, घावही येत होते. प्रत्येक घावाला ती पाठ थरथरे, पण तसूभर मागे येत नव्हती. नागोजीने त्या पाटावर कपाळ टेकले आणि लहान मुलासारखा रडला.

किती वेळ गेला त्याला कळले नाही. पाट निवाला. बाहेरून सगुणाक्काचा आवाज आला, कडी कुणी लावली म्हणून. त्याला उघडायचा धीर होईना. मघाचा आवाजही माणसाचाच होता. शेवटी तिने हलकेच दार लोटले, आणि दोन्ही फळ्या, बिजागऱ्या, सगळे जागच्या जागी भुगा होऊन खाली बसले. चौकटीत प्रसादाची वाटी घेऊन सगुणाक्का उभी होती. त्या भुग्यात फक्त पाट शाबूत होता.

दोघे देवळात आले. तिथे भजनकरी अजून कावरेबावरे बसले होते. त्यांनी नागोजीला सांगितले की भर दुपारी महाराज एकाएकी उठून गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, पाय रोवले, आणि पाठीवर मोठा भार पेलावा तसे वाकले. घामाची धार लागली. ते फक्त म्हणत, "म्हणत राहा रे, थांबू नका."

महाराज आता खांबाशी पाठमोरे बसले होते. अंगावरचे उपरणे उतरवलेले होते. नागोजीने पाहिले. पाठीवर पाटाएवढा चौकोन उमटला होता, कोपऱ्यांना खिळ्यांच्या टोकांएवढ्या रक्ताच्या खुणा. आणि एका कोपऱ्यात खूण सरळ नव्हती. तिथे वाकडा ओरखडा होता, आडवा पडलेल्या खिळ्याचा. त्या खिळ्याला हसून त्याने रंधा खाली ठेवला होता.

सगुणाक्काने हंबरडा फोडला. "म्हाराज, म्या खिळं मारलं तुमास्नी!"

"तुझे खिळे लागलेच नाहीत, सगुणे," महाराज म्हणाले. "त्या खिळ्यांनी तर मी जागेवर राहिलो." मग मान न वळवता त्यांनी विचारले, "नागोजी, कुजकं लाकूड खिळा धरतं का रे?"

नागोजीने एवढेच विचारले की ते अजून बाहेर आहे का.

"आहे. पायरीवर बसलंय. त्याचं घर मोडलंस तू, ते कुठं जाईल?" महाराज उठले आणि दारात गेले. पायरीवर कुणीही नव्हते, पण पायरीशी ऐनाचा ताजा भुसा पडला होता. तिथे बघत महाराज एखाद्या रुसलेल्या पोराशी बोलावे तसे म्हणाले, "माझ्याबरोबर चल. मी जिथं बसेन तिथं तूही बैस. आता पडू दे ते झाड."

तेव्हा देवराईकडून आवाज आला. मोठे झाड कडाडत कोसळते तसा, फांद्या मोडत, जमीन हादरवत. देवळातली घंटा आपोआप हलली. भर दुपारी जो आवाज झाला नव्हता, तो आता झाला.

महाराज त्याच दिवशी गाव सोडून निघाले. नागोजी वाटेत आडवा पडला आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून रडू लागला. महाराजांनी त्याला उठवले नाही. म्हणाले, "माझ्या नव्हे, जिनं दार लावलं तिच्या पाया पड." धुळीतल्या त्यांच्या पावलांशेजारी भुशाची एक बारीक रेघ उमटत गेली, ती ओढ्यापर्यंत गावाने पाहिली.

अडत्याचा दरवाजा नागोजीने केला नाही. ते खोड देवराईतच मातीला मिळाले. खोपीला मात्र त्याने फणसाच्या नव्या फळ्या घातल्या, कडी पुन्हा आतूनच बसवली आणि तो पाट दारावर आडवा बसवला. एका कोपऱ्यातला खिळा वाकडा होता. सगुणाक्का म्हणाली, एवढा सरळ कर की. नागोजीने हातोडी खाली ठेवली, आधी त्या वाकड्या खिळ्यावर कपाळ टेकले, आणि मग मागे वळून सगुणाक्काच्या पायांवर.