शिवेपुरती आक्का

एका गावात एक आक्का होती, आणि अख्ख्या गावाच्या दह्यात तिचं नाक होतं. खरंखुरं नाक नव्हे रे! विरजण तिचं. घरोघरी तिच्याच लोटीतलं चमचाभर जायचं.

गावची रीतच तशी. नवी नवरी माहेरहून दह्याची लोटी घेऊन आली, की ती शिवेवरच उपडी करायची. "परक्या गावचं विरजण आमच्या दुधाला नको," आक्का म्हणायची. स्वतःच्या सुनेची लोटीही तिनं ओतायला लावली. सुनेनं ती ओतली. हातानं ओतली, डोळ्यांनी नाही.

पुढं गावच्या दह्याला तार सुटली. चमचा उचलावा तर दही शेवयांसारखं लोंबायचं. आक्का म्हणाली, "म्हशींना दृष्ट लागली." म्हशींच्या गळ्यात लिंबं बांधली. एका म्हशीनं दुसरीचं लिंबू खाल्लं. दही होतं तसंच.

अन् अशात आक्काच्या लेकीचं लग्न आलं! पंगतीला मठ्ठा हवाच, आणि वऱ्हाड खवचट. दूध कोमट झालं, तरी आक्काचा हात लोटीकडं जाईना.

"आत्याबाई," सून म्हणाली, "ओढ्यापलीकडं माझं माहेर. जाऊन विरजण आणू?"

"गाव काय म्हणंल?"

"गाव मागनं म्हणंल. वऱ्हाड तोंडावर म्हणंल."

आक्का उठली. "तू थांब. ओतायला मी लावलं, मागायला मीच जाते."

आक्काचं सासर-माहेर एकाच गावातलं; जन्मात पहिल्यांदा तिनं शीव ओलांडली. पलीकडंही म्हशी काळ्याच होत्या, याचं तिला मोठं नवल वाटलं.

सुनेच्या आईनं, विहीणबाईंनी, लोटी भरून दिली. आक्का मान खाली घालून म्हणाली, "तुमचं विरजण मी तेव्हा..."

"अहो, आमचं कुठलं? सासूबाईंनी घाटाखालनं मागून आणलेलं. तिकडं कुठनं आलं, देवाला ठाऊक!"

दही लागलं ते सुरीनं कापावं असं. वऱ्हाडानं वाट्यांवर वाट्या रिचवल्या. नवरदेवाचे वडील म्हणाले, "विरजण तुमच्याच गावचं ना?"

सगळं गाव आक्काकडं बघायला लागलं. 'हो' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

"नाही बा," आक्का म्हणाली. "सुनेच्या माहेरचं. मी आपली आजवर शिवेपुरती बाई!"

आधी सून हसली, मग सारी पंगत. शिवेवर लोट्या ओतणं तेव्हापासून बंद. आणि 'आमचंच तेवढं खरं' म्हणणारा कुणी भेटला, की त्या गावात आजही म्हणतात, "शिवेपुरता आहे बिचारा. अक्कल शिवेपर्यंत जाते अन् तिथंच बसते."

तात्पर्य काय, तर आपलं गोड असेलही बाबांनो, पण शेजारचं चाखल्याबिगर कळायचं कसं?