हातोड्याची चिंधी

फार मागची गोष्ट. तेव्हा हत्यारं बोलायची, हातपायही बोलायचे, आणि सगळे माणसांसारखेच नको तितकं बोलायचे.

हंड्यांवर ठोके घालून घालून मुकुंदा तांबटाच्या उजव्या हाताचा अंगठा दुखायला लागला. सकाळी मूठच वळेना. त्याची बायको यमुना म्हणाली, "अहो, हातोड्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळा. दांडा जाड झाला की कमी आवळावं लागतं. आणि मधेमधे हात शेकत चला." तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळूनही दिली. हाताला बरं वाटलं.

हातोडा मात्र फुगला. "मी काय बाळंतीण आहे, फडकं बांधायला? आळीतले सगळे हातोडे हसतात. मुकुंदाच्या बापाचा हात मला उघडाच धरायचा. तू हात आहेस की लोण्याचा गोळा?"

दुखण्यापेक्षा बोलणं जास्त लागतं, हा मूर्खपणा जुनाच आहे. हातानं चिंधी सोडून फेकली आणि ईर्षेनं ठोकत सुटला.

अंगठा आखडला तो आखडलाच. काम बंद पडलं, हातोड्यावर गंज चढला. एक दिवस हात आला आणि बोटांच्या पाठीनं दांड्यावरची धूळ पुसू लागला.

हातोडा म्हणाला, "गुंडाळ रे चिंधी. हवी तेवढी गुंडाळ. मी काही बोलणार नाही."

"आता चिंधीनं भागत नाही, बाबा," हात म्हणाला. "काल मला भाकरीसुद्धा मोडता आली नाही. यमुनेनं मोडून ताटात ठेवली, आणि मुकुंदा मान खाली घालून जेवला."