राजाच्या वस्तऱ्याची मूठ

मूठ फुटली वस्तऱ्याची, आणि गंडांतर आलं सटवाजी न्हाव्याच्या चाकरीवर!

देवझरीच्या मानाजीराजांचा हा वस्तरा आजोबांच्या वेळचा. मूठ काळ्याभोर म्हशीच्या शिंगाची. शिंगाला कीड लागतेच, तशी हिलाही लागली. भोक पडलं, भोकातून भेग गेली, आणि एके सकाळी त्या भेगेत नेमका राजाच्या मिशीचा केस अडकला. राजा असा ओरडला, की पागेतले घोडे खुंटे उपटायला लागले म्हणे!

दुसरा वस्तरा? छे! आजोबांच्या पात्याशिवाय दुसरं पातं या गालाला लागायचं नाही, हा राजाचा हट्ट.

"सटवाजी, आठ दिवसांत मूठ नीट कर. सांधा दिसला, तर चाकरी गेली!"

"जी सरकार."

"आणि नाही दिसला, तर तू दुरुस्ती केलीस हे मला पटवून द्यायचं. नाही पटलं, तरी चाकरी गेली!"

आता बोला! सटवाजीनं घरी येऊन डोक्याला हात लावला. पण त्याची बायको ठकूबाई फणीवाल्यांची लेक. शिंगाच्या फण्या करण्यात तिच्या माहेरच्या सात पिढ्या गेलेल्या.

"अहो, मूठ इकडे द्या आणि तुम्ही भाकरी खा," ती म्हणाली. "आधी काम करू. पटवायचं तिथं गेल्यावर बघू."

तिनं गरम तेलात मूठ नरम केली, दोन फळ्यांत दाबून भेग मिटवली. माहेरच्या फणीचा भुगा सरसात कालवून भोक बुजवलं. मग राख घेऊन दोन दिवस घासत बसली. शेजारणी विचारून विचारून दमल्या, पण बाईनं दाद दिली नाही!

आठव्या दिवशी नवराबायको राजवाड्यात हजर. राजानं मूठ उजेडात धरली, नख फिरवलं. सांधा काही सापडेना.

"सरकार, आधी दाढी उरकू या," ठकूबाई पाण्याची वाटी पुढे करत म्हणाली. "आठ दिवसांची वाढलीय. निकाल कुठं पळून जातोय?"

राजा बसला. फेस लागला, वस्तरा लोण्यासारखा फिरला. उजवा गाल गुळगुळीत झाला, आणि राजाला राहवेना.

"झकास! पण दुरुस्ती झाल्याची खूण काही दिसत नाही बुवा. म्हणजे दुरुस्ती झालीच नाही. सटवाजी, चाकरी गेली!"

सटवाजी पाया पडायला वाकला. ठकूबाई मात्र शांतपणे म्हणाली, "अहो, ठेवा तो वस्तरा खाली."

"खाली का?" राजा दचकला. "डावा गाल राहिलाय!"

"दुरुस्ती झाली नाही, असं सरकारच म्हणाले. म्हणजे मूठ फुटकीच. फुटका वस्तरा कुणाच्या गळ्याला लावला, तर आमची पंचायत आम्हाला वाळीत टाकील!"

तेवढ्यात बाहेर सनई वाजली. राजकन्येला मागणी घालायला होणारे व्याही दारात आले होते!

"अगं बाई, अशा तोंडानं मी त्यांच्यापुढं जाऊ?" राजा म्हणाला.

"डाव्या गालावर शाल घ्यावी सरकार. दाढ दुखतेय म्हणून सांगावं. नवी मूठ करायला आठच दिवस लागतील."

"आठ दिवस? काही नको! हीच मूठ चालेल. दुरुस्त झालीय ती!"

"कशावरून, सरकार? सांधा तर दिसत नाही."

"कशावरून काय? हा उजवा गाल बघ माझा! ना ओरखडा, ना अडकला एक केस! दुरुस्तीशिवाय का असं होतं?"

बोलून गेला, आणि राजाच्या ध्यानात आलं की पटवून द्यायचं काम आपणच केलं. तेही आपलाच गाल साक्षीला धरून! तो हसायला लागला. हसता हसता फेस मिशीत, मिशीतून तोंडात गेला!

"सटवाजी, राजवाड्याची चाकरी तुझी, आणि तुझ्या नातवंडांचीही!" असं म्हणत त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून ठकूबाईकडे दिला.

ठकूबाईनं कंठा डोळ्यांना लावून ओच्यात टाकला आणि ती म्हणाली, "सरकार, आता हसू आवरा. डाव्या बाजूची अजून व्हायचीय!"