कडी आणि पांढरं छत

दुकानात मोठे तराजू टांगून धान्य विकायचे, त्या काळी एका दुकानाच्या सागवानी तुळईला तराजूची लोखंडी कडी होती. पहिलं माप पडलं की दुकानदार 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा, आणि कडी वजनाने करकरायची.

पुढे त्याच्या नातीने, सुलभाताईंनी, तिथे कापडाचं दुकान काढलं. तुळईखाली पांढरंशुभ्र खोटं छत बसलं आणि कडी अंधारात गेली.

"तुझा गंज मीच झाकलाय," छत ऐकवायचं. "उपकार मान."

"मी कुणाला दिसत नाही, त्याचं काही नाही," कडी म्हणायची. "मला कुणी दिसत नाही बाई, त्याचं वाईट वाटतं."

एकदा वरून पाणी ठिबकायला लागलं. गळती कुठली ते कळेना, म्हणून छत उतरवावं लागलं. सुलभाताई वर बघतच राहिल्या. "दुकान एवढं उंच आहे, विसरलेच होते मी. आता उघडंच राहू दे. हवा खेळेल, पुढच्या वेळी गळतीही दिसेल."

वायरमनने नवे दिवे टांगायला घेतले. पहिला त्याने कडीला अडकवला. खालून सुलभाताईंनी आजोबांसारखं मोजायला सुरुवात केली, "लाभ..."

दिवा अगदीच हलका होता, तरी कडी करकरली.