सुगीचे डोळे आणि मोगऱ्यातली परी

डोंगराच्या कुशीत मोगऱ्याचा एक मळा होता. पांढऱ्याशुभ्र कळ्या, हिरवीगार पानं, पानापानावर दवाचे चमचमते थेंब! आणि त्या मळ्यात सुगी नावाची एक गोड पोर होती. तिच्या डोळ्यांखाली मात्र ही एवढाली काळी वर्तुळं.

का बरं? तर तिच्या तान्ह्या भावाला, गोप्याला, दात येत होते. तो रात्रभर भोकाड पसरायचा. कधी आई पाळणा हलवायची, कधी सुगी. बाबा फुलं विकायला लांबच्या बाजाराला गेलेले. आणि कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, म्हणून सुगी झुंजूमुंजू होताच उठायची. आता सांगा, ती झोपणार कधी?

पण हे विचारतंय कोण! शेजारच्या कमळाकाकूंना वाटायचं, काजळच फिसकटलंय. की लगेच पदराचं टोक ओलं करून खसाखसा पुसायच्या. "कसलं गं हे काजळ, निघता निघत नाही!"

"काकू, मी काजळ लावतच नाही हो!" सुगी कळवळून सांगायची.

"मग काकडी लाव. बटाट्याचा रस लाव. जत्रेत देवीच्या पालखीपुढे तुला फुलं उधळायची आहेत ना? अशा तोंडानं? मुलगी मीच निवडायची आहे, दुसरी बघेन हं!"

सुगीला रडूच आलं. वर्षभर ती त्या दिवसाची वाट बघत होती. चोळून चोळून डोळे लाल झाले, वर्तुळं आणखी काळी झाली. एका सकाळी टोपली आपटून ती मळ्यात बसली आणि ओरडली, "वैताग आलाय मला!"

"मलाही!" एक टपोरी कळी टपकन उमलली आणि आतून बोटभर उंचीची परी निघाली. पंख पाकळ्यांचे, झगा दवाचा, कपाळावर मात्र आठी. "रोज तुझं रडगाणं ऐकते मी. चल, एक इच्छा माग. पण डोळे मिटून मागायची. आणि चोळायचे नाहीत. चोळलेस की इच्छा गेली!"

सुगीनं आनंदानं डोळे मिटले. आणि... घुर्रर्र!

"अगं ए! इच्छा माग म्हटलं, घोरायला नाही सांगितलं!" परीनं तिचा कान ओढला.

सुगीनं पुन्हा डोळे मिटले. पुन्हा घुर्रर्र! परीनं नाकावर दव शिंपडलं, तेव्हा कुठे ती जागी झाली. हात डोळ्यांकडे गेला होता, तो तिनं कसाबसा आवरला.

"कमाल आहे बाई तुझी! एवढी कसली गं झोप?"

"गोप्या रात्रभर रडतो, आम्हाला झोपच मिळत नाही," सुगी म्हणाली, आणि एकदम तिला आई आठवली. आईच्या डोळ्यांखाली तर हिच्याहून काळं होतं. आईला कुणी साधी काकडीसुद्धा सुचवली नव्हती.

तिनं घट्ट डोळे मिटले. "माझ्या आईला रात्रभर गाढ झोप मिळू दे."

"अगं वेडे, आणि तुझे डोळे? ती पालखी?"

"राहू दे," सुगी पुटपुटली. गालावरून आसू ओघळला, पण तिनं तो पुसला नाही.

परीच्या कपाळावरची आठी विरघळली. ती भुर्रकन घरात गेली आणि गोप्याच्या सुजलेल्या हिरड्यांवरून तिनं दवाचं बोट फिरवलं.

त्या रात्री गोप्या झोपला, म्हणून आई झोपली. पहाटे ती ताजीतवानी उठली. झोपलेल्या लेकीच्या डोळ्यांकडे बघून तिला गलबलून आलं. तिनं सुगीवर गोधडी सारखी केली आणि टोपली स्वतःच्या कमरेला लावली. "झोप गं माझी बाय. यापुढे कळ्या मी खुडते."

काकू काकडी घेऊन आल्या, तर आई दारातच आडवी उभी. "हात लावायचा नाही तिला! झोपू दे."

जत्रेपर्यंत सुगी रोज मनसोक्त झोपली. पालखी निघाली तेव्हा काकूंनी सवयीनं पदर ओला केला, पण पुसायला काही उरलंच नव्हतं. टपोऱ्या डोळ्यांची सुगी फुलं उधळत पुढे चालली होती.

"बघा, बघा!" काकू साऱ्या गावाला सांगत सुटल्या. "माझ्या काकडीचा गुण!"

सुगीच्या ओंजळीतल्या कळीत बसलेल्या परीनं कपाळावर हात मारून घेतला. मग सुगीकडे बघून ती खुदकन हसली, आणि सोनेरी उजेडात दिसेनाशी झाली.