सुभानाच्या गाडीची उंची

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. रस्ते पायांनी आणि चाकांनीच तयार होत असत, त्या काळातली. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही.

एका राज्याच्या अगदी कडेला, डोंगराच्या उतरणीवर एक वाडी होती. वाडीत वैद्य नव्हता. वैद्यबुवा राहत खाली, ओढ्यापलीकडच्या गावात. वाडीत कुणी तापानं फणफणलं, कुणाचं हाड मोडलं, कुणा बाईचे दिवस भरत आले, की सगळ्यांना एकच नाव आठवे. सुभाना गाडीवान.

सुभाना भरवशाचा माणूस. त्याला हाक मारली आणि तो आला नाही, असं कधी झालं नव्हतं. त्याचे बैलही तसेच, शांत आणि पायांचे पक्के. पण गाडीची खरी ताकद होती तिच्या चाकांत. माणसाच्या छातीला लागतील एवढी उंच चाकं, आणि त्यांवर रुंद लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी. ओढ्याच्या काठाला बारमाही चिखल असे. इतरांच्या गाड्या तिथे रुतून बसत. सुभानाची गाडी चिखल मागे टाकून पुढे जाई.

मात्र या गाडीत एक खोट होती. उंच चाकांमध्ये उंचावर आस, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा कणा, आसेवर जाड ठोकळे, आणि त्या ठोकळ्यांवर साटी, म्हणजे माणसं बसतात ती फळ्यांची बैठक. आजारी माणसाला वर चढवायचं तर दोघातिघांनी उचलून द्यावं लागे. आणि उतारावरच्या वळणाला गाडी एका अंगाला झुकली, की बसणारा कडेची फळी घट्ट धरून ठेवी.

एके दिवशी भीती होती तेच झालं. वाडीतल्या धोंडाई नावाच्या म्हातारीला तो वैद्याकडे नेत होता. वळणावर एक चाक दगडावर चढलं, गाडी कलंडली आणि धोंडाई उतारावर फेकली गेली. तिचा खुबा मोडला. ती वाचली, पण पुन्हा चालू शकली नाही. तिनं सुभानाला शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

त्यानंतर लोक आजाऱ्याला झोळीत घालून खांद्यावरून नेऊ लागले.  सुभानाला हाक येईनाशी झाली.

सुभाना उठला आणि एकोबा सुताराकडे गेला. एकोबा वयानं मोठा, हाताचा कसबी आणि बोलायला थोडका. सुभानानं सांगितलं, गाडी खाली आणायची आहे. एकोबानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, यात काय अवघड आहे, लहान चाकं बसवू, गाडी आपोआप खाली येईल.

"चाकं हीच राहतील," सुभाना म्हणाला. "चिखलातून मला हीच बाहेर काढतात. चूक चाकांची नाही, एकोबा. माणूस त्यांच्या डोक्यावर बसतो, ही चूक आहे."

 एकोबानं पुन्हा वाकून पाहिलं. आणि मग दोघंही कामाला लागले.

त्यांनी ठोकळे काढून टाकले. साटी आसेच्या वर असे, ती आसेच्या खाली घेतली, आणि मजबूत लोखंडी पट्ट्यांनी आसेला टांगली. चाकं साटीला घासू नयेत म्हणून तिच्या दोन्ही कडा थोड्या तासल्या. दांडी मात्र होती तशी आसेलाच जोडलेली ठेवली, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू खाली ओढलं जाणार नाही. काम झालं तेव्हा चाकं तीच होती, बैल तेच होते, पण साटी माणसाच्या गुडघ्याला आली होती. लहान मूलसुद्धा सहज आत पाऊल टाकू शकलं असतं.

सुभानानं साटीत दगड भरले आणि गाडी त्याच वळणावर नेली. चाक मुद्दाम दगडावर चढवलं. गाडी हलली, कुरकुरली आणि सरळ झाली. पुन्हा नेली, पुन्हा सरळ झाली. मग तो धोंडाईच्या दारात गेला आणि हात जोडून म्हणाला, एकदा बसून बघता का.  धोंडाईनं सुनेला हाक मारली आणि म्हणाली, मला उचल. ती बसली, वैद्याकडे जाऊन आली, आणि दुसऱ्या दिवसापासून सुभानाला पुन्हा हाका येऊ लागल्या.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण कौतुकाची चव एकदा जिभेला लागली की माणूस आणखी मागतो.

खालच्या गावच्या जत्रेत सुभानाच्या गाडीभोवती गर्दी झाली. अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. कुणी म्हणालं, ही तर चाकांमधली पालखीच. कुणी म्हणालं, अजून थोडी खाली असती तर जमिनीवरून तरंगत चालल्यासारखी दिसली असती. सुभाना घरी आला तो ते तरंगणं डोळ्यांपुढे घेऊनच.

तो एकोबाकडे गेला. एकोबानं मान हलवली. म्हातारं माणूस चढतं, गाडी कलंडत नाही, मग आणखी खाली कशाला, असं त्यानं विचारलं.  सुभानाच्या मनातली हौस मात्र गेली नाही. त्यानं खालच्या गावातल्या लोहाराकडून पट्ट्या लांब करून घेतल्या. आता साटी आणि जमीन यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली. गाडी खरोखरच तरंगल्यासारखी दिसू लागली. लोक थांबून बघत. सुभाना बैलांना मुद्दाम हळू चालवी.

सपाट वाटेवर काही बिघडलं नाही. ओढ्यात पाणी कमी होतं, मोठे दगड दिसत, ते चुकवून तो गाडी काढी. मग डोंगरावर जोराचा पाऊस पडून गेला. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, आणि पाण्याबरोबर वरून नवे दगड वाहून आले.

त्याच सकाळी वाडीतल्या सगुणाबाईच्या सुनेला, तानूला, कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण होतं आणि मूल आडवं असावं असं सगुणाबाईला वाटत होतं. सुभानानं गाडी जोडून दोघींना बसवलं. वळण पार झालं. काठाचा चिखल चाकांनी नेहमीसारखा सहज कापला. आणि ऐन ओढ्यात खालून एक जोराचा धक्का बसला आणि गाडी थांबली.

सुभानानं बैलांना हाकललं. बैलांनी सगळा जोर लावला. चाकं पाण्यात नुसती लटकत होती आणि गाडी हलत नव्हती, कारण भार चाकांवर राहिलाच नव्हता. साटी एका बुडालेल्या दगडावर चढून बसली होती. फळ्यांच्या फटींतून पाणी आत आलं आणि तानू ज्या गोधडीवर निजली होती ती भिजली.

 सुभाना हातपाय गाळून बसणारा माणूस नव्हता. त्यानं बैल सोडले आणि पाण्याचा जोर अडावा म्हणून त्यांना वरच्या अंगाला उभं केलं. घोंगडी पसरून तिच्यात तानूला घेतलं. एक बाजू त्यानं धरली, दुसरी सगुणाबाईनं. गुडघाभर पाण्यातून, पायांनी दगड चाचपत ते निघाले. बैल त्यांच्या बाजूनं पावलाला पाऊल लावून चालत होते. तानू ओठ दाबून होती. 

काठावर तिला टेकवलं आणि सुभाना पळत सुटला. वैद्यबुवांना त्यानं जवळजवळ ओढतच आणलं. तिथेच, करंजाच्या झाडाखाली, बाळ झालं. बराच वेळ ते रडलं नाही. वैद्यबुवांनी त्याला पालथं घेतलं, पाठ चोळली, आणि मग ते रडलं. तानूच्या अंगावरून रक्त फार गेलं होतं. ती वाचली, पण हिंडूफिरू लागायला तिला पुढचा हंगाम उजाडला.

संध्याकाळी सुभानानं सगुणाबाईचे पाय धरले. सगुणाबाईनं त्याला उठवलं. रागानं नाही, दमलेल्या आवाजात ती म्हणाली, "दादा, तुझी गाडी फार देखणी होती. पण आम्ही ती बघायला आलो नव्हतो. आम्हाला फक्त पलीकडे जायचं होतं."

सुभाना तसाच एकोबाकडे गेला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.  एकोबानं पट्ट्या काढल्या, तोडल्या आणि साटी पुन्हा गुडघ्याच्या उंचीला घेतली. सुभानानं आणखी एक गोष्ट केली. वाडीतल्या चार माणसांना घेऊन तो ओढ्यात उतरला आणि वाटेतले दगड बाजूला केले. पुढे दर पावसानंतर हे काम तो न सांगता करू लागला.

हळूहळू दूरदूरचे गाडीवान आपल्या गाड्या खाली घ्यायला येऊ लागले. एकोबा त्यांना आधी सुभानाकडे पाठवी. किती खाली घेऊ, असं ते विचारत. सुभाना त्यांना प्रश्न करी, तुमच्या गाडीत कोण बसतं आणि तुमच्या वाटेवर काय आहे. उत्तर मिळालं की माप तो ठरवी, आणि ते माप कधी चुकलं नाही. त्या मुलखात मग गाडी कलंडून कुणी जायबंदी झालं नाही, आणि ओढ्यातही कुणी अडकलं नाही.

गरजेपुरता केलेला बदल माणसाच्या कामी येतो. कौतुकासाठी केलेला बदल नेमका अडचणीच्या वेळी आडवा येतो.